कंपनी एकच, देश अनेक: जागतिकीकरणामुळे कामगार-मालक संबंध सगळीकडे सारखे होत चालले आहेत का?

भामाकाठ (चाकण)

नमस्कार. मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका युरोपीय मालकीच्या कारखान्यात चौदा वर्षे काम करत आहे आणि दोन वर्षांपासून आमच्या अंतर्गत युनियनच्या कमिटीवर आहे. आमच्या वेतनकराराची मुदत संपून अकरा महिने झाले. मागणीपत्र वेळेवर दिले होते आणि बैठकाही नियमाने होतात. परंतु प्रत्येक बैठकीत दोन गोष्टी आम्हांला ऐकवल्या जातात. एक म्हणजे, अंतिम आकड्याला मुख्यालयाची मंजुरी लागते. दुसरी म्हणजे, हाच भाग कंपनीच्या दुसऱ्या देशातील कारखान्यात आमच्यापेक्षा कमी खर्चात तयार होतो, तेव्हा मागण्या त्या बेताने ठेवा. समोर बसणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्यांच्याही हाती फार काही असावे असे वाटत नाही. पण ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्याशी आमची कधी गाठच पडत नाही, आणि ज्या कारखान्याशी आमची तुलना होते तिथल्या कामगारांची मजुरी, कामाचे तास किंवा युनियन यांविषयी आम्हांला काहीच माहीत नाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले (माग चालवणारे कामगार) होते आणि १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. त्यांच्या काळीही भांडण सुटले नाही हे खरे. परंतु गिरणी, मालक, युनियनचे कार्यालय, न्यायालय आणि मंत्रालय हे सारे एका लोकलच्या अंतरावर होते. आज आमच्या बाबतीत तसे राहिलेले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, जागतिकीकरणामुळे निरनिराळ्या देशांतील कामगार-मालक संबंधांच्या पद्धती एकमेकींसारख्या होत चालल्या आहेत का? नसतील, तर त्यांतला फरक कशामुळे टिकून आहे? परदेशात काम करणाऱ्या किंवा कामगार कायद्याचा अभ्यास असणाऱ्या सदस्यांनी प्रत्यक्ष उदाहरणांसह लिहिल्यास आमच्या कमिटीला त्याचा उपयोग होईल.


आलरकाठ (लोअर सॅक्सनी, जर्मनी)

भामाकाठ, नमस्कार. मी येथे यंत्रनिर्मितीच्या एका कंपनीत अभियंता आहे आणि चार वर्षांच्या एका कार्यकाळात आमच्या ‘बेट्रिब्सराट’वर, म्हणजे आस्थापनेतील सर्व कामगार-कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या परिषदेवर, होतो. त्यामुळे येथील व्यवस्था आतून पाहिली आहे, तिच्या मर्यादांसकट.

जर्मनीत कामगारांची बाजू दोन ठिकाणी मांडली जाते. वेतनाचा करार सामान्यतः संपूर्ण उद्योगासाठी होतो आणि तो आयजी मेटालसारखी युनियन करते. कारखान्याच्या आतील पाळ्या, जादा तास, बदल्या, कपात यांबाबत परिषद बोलते. परिषदेला संप पुकारता येत नाही, पण तिच्या संमतीशिवाय व्यवस्थापनाला पाळीची वेळ बदलता येत नाही किंवा जादा तास लावता येत नाहीत. एकमत झाले नाही तर प्रकरण लवादमंडळाकडे जाते. याखेरीज १९७६ च्या कायद्यानुसार २,००० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर, निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना मिळतात. अर्थात मते समसमान पडली तर अध्यक्षांचे दुसरे मत निर्णायक ठरते आणि अध्यक्ष भागधारकांच्या बाजूचे असतात, त्यामुळे निम्म्या जागा म्हणजे निम्मी सत्ता असे समजू नये.

ही चौकट जागतिकीकरणापुढे टिकली का? कागदावर जवळजवळ जशीच्या तशी टिकली, पण तिच्या आत होणाऱ्या करारांचा आशय खूप बदलला. २००४ साली सीमेन्सने बोखोल्ट आणि काम्प-लिंटफोर्ट येथील मोबाइल फोनच्या कारखान्यांतील काम हंगेरीत नेण्याचा इशारा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात हंगेरी युरोपीय संघात आली होती, म्हणजे हा इशारा पोकळ नव्हता. अखेर जो करार झाला त्यात कामाचा आठवडा ३५ तासांवरून ४० तासांवर गेला आणि वाढलेल्या पाच तासांचे वेगळे वेतन मिळाले नाही. कामगारांनी नोकऱ्या वाचवण्यासाठी हे मान्य केले. परंतु पुढच्याच वर्षी तो व्यवसाय तैवानच्या बेनक्यू कंपनीकडे सोपवला गेला आणि २००६ मध्ये त्या कंपनीच्या जर्मन शाखेने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमच्या कमिटीने हे उदाहरण लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण सवलत देताना ती कशाच्या बदल्यात, किती वर्षांसाठी आणि कारखाना विकला गेला तर कोणावर बंधनकारक, हे लिहून घेतले नाही तर सवलत मागे राहते आणि हमी निघून जाते.

याच्या उलट फोक्सवागनचे उदाहरण आहे. तेथे १९६० पासून एक स्वतंत्र कायदा लागू आहे, ज्यानुसार नवा कारखाना उभारणे किंवा कारखाना दुसरीकडे नेणे यासाठी पर्यवेक्षक मंडळाचे दोन तृतीयांश बहुमत लागते. शिवाय लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडे सुमारे २० टक्के मते आहेत. १९९३ च्या अखेरीस मंदीत कंपनीने सुमारे ३०,००० नोकऱ्या अतिरिक्त ठरवल्या, तेव्हा कपात न करता कामाचा आठवडा २८.८ तासांचा करण्यात आला आणि सर्वांचे वेतन काही प्रमाणात उतरले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मात्र कंपनीने तीस वर्षे चालत आलेला नोकरीच्या हमीचा करार मोडीत काढला आणि जर्मनीतील कारखाने बंद करण्याची भाषा प्रथमच उघडपणे झाली. डिसेंबरमध्ये इशारा-संप (काही तासांचे संप) झाले आणि नाताळाच्या तोंडावर तोडगा निघाला: थेट बडतर्फी नाही, नोकरीची हमी २०३० पर्यंत पुन्हा लागू, पण तोपर्यंत ३५,००० हून अधिक जागा निवृत्ती आणि ऐच्छिक मार्गांनी कमी होतील. याला विजय म्हणावे की माघार, यावर आमच्या कॅन्टीनमध्ये आजही वाद होतो. मला स्वतःला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की कंपनीची हिशोबाची वही कामगारांच्या बाजूने आधीच पाहिलेली होती आणि त्यामुळे चर्चा अंधारात झाली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सामूहिक वेतनकरारांच्या छत्राखाली असलेल्या कामगारांचे प्रमाण १९९० च्या दशकात पश्चिम जर्मनीत तीन चतुर्थांशाच्या घरात होते. आज देशभरात ते निम्म्याच्या आसपास आहे. मोठ्या कारखान्यात ही व्यवस्था भक्कम दिसते, पण त्याच फाटकातून आत येणारा पुरवठा-एजन्सीचा कामगार तिच्या कडेला उभा असतो.

तुमची मूळ कंपनी युरोपीय आहे, म्हणून एक व्यावहारिक माहिती देतो. युरोपीय संघाच्या १९९४ च्या आणि २००९ मध्ये नव्याने काढलेल्या निर्देशानुसार, ज्या कंपनीचे संघाच्या देशांत किमान १,००० आणि त्यांपैकी दोन देशांत प्रत्येकी किमान १५० कर्मचारी आहेत, तेथे कर्मचाऱ्यांच्या मागणीवरून युरोपीय कामगार परिषद स्थापन करता येते. तिचा अधिकार भारतापर्यंत पोहोचत नाही, पण कंपनीच्या एकाहून अधिक देशांशी संबंधित योजना तिच्यासमोर मांडल्या जातात. तुमच्या कंपनीत ती आहे का, याची चौकशी अवश्य करा.


पलीकडची खुर्ची (अमेरिका)

मी मनुष्यबळ विभागात काम करतो, म्हणजे भामाकाठ ज्या टेबलाविषयी लिहीत आहेत त्याच्या दुसऱ्या बाजूला बसतो, आणि तरीही त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

आलरकाठ यांनी फोक्सवागनचे उदाहरण दिले आहे, तर तीच कंपनी टेनेसी राज्यातील चट्टानूगा येथे कशी वागली ते पाहा. हा कारखाना २०११ साली सुरू झाला. जर्मनीसारखी परिषद तेथे असावी असा विचार कंपनीत होता, पण अमेरिकी कायदा मालकाच्या पाठबळावर चालणाऱ्या कामगार संस्थेस मनाई करतो, त्यामुळे युनियन नसताना अशी परिषद उभारणे कायदेशीर दृष्ट्या धोक्याचे होते. २०१४ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनसाठी मतदान झाले. कंपनीने उघड विरोध केला नाही. विरोध केला तो राज्यातील राजकीय नेत्यांनी, आणि युनियन ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी हरली. २०१९ मध्ये पुन्हा थोडक्यात हरली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी ती जिंकली. जर्मनीत जे हक्क कारखान्यात पाऊल ठेवताच मिळतात त्यांच्या पहिल्या पायरीवर चढायला येथे तेरा वर्षे लागली. मालक तोच, मोटारी तशाच, पण भूमी आणि कायदा वेगळा. त्यामुळे ‘सगळे सारखे होत आहे’ या म्हणण्याशी मी सहमत नाही.

उलट्या दिशेचेही उदाहरण आहे. मेक्सिकोत अनेक वर्षे अशी पद्धत होती की कारखाना सुरू होण्याआधीच एखादी युनियन मालकाशी करार करून मोकळी होई आणि कामगारांना त्या कराराची प्रतही पाहायला मिळत नसे. १९९४ च्या उत्तर अमेरिकी व्यापार कराराने यात काही फरक पडला नाही. २०१९ मध्ये मेक्सिकोने कामगार कायदा बदलला, आणि २०२० मध्ये लागू झालेल्या अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या नव्या व्यापार करारात एका विशिष्ट कारखान्याविरुद्धही तक्रार करण्याची तरतूद आली. जनरल मोटर्सच्या सिलाओ येथील कारखान्यात तिचा वापर झाला: ऑगस्ट २०२१ मध्ये कामगारांनी जुना करार मतदानाने फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एक नवी स्वतंत्र युनियन मोठ्या बहुमताने निवडून आणली. म्हणजे व्यापाराचा करार नेहमी कामगारांच्या विरुद्धच जातो असे नाही, त्यात काय लिहिले आहे यावर ते ठरते. दक्षिण कोरियानेही संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची ८७ आणि ९८ क्रमांकाची अभिसंमते (आंतरराष्ट्रीय करार) २०२१ मध्ये स्वीकारली, आणि त्यामागे युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारातील वचनाचा रेटा होता. भारताने आणि अमेरिकेने ही दोन्ही अभिसंमते आजवर स्वीकारलेली नाहीत. व्यापाराला कामगार मानके जोडू नयेत ही भूमिका भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या सिंगापूर परिषदेत ठामपणे मांडली होती. श्रीमंत देश मानकांच्या आडून आपला बाजार बंद करतील ही भीती तेव्हा निराधार नव्हती, पण तिची किंमत कोणी मोजली याचाही विचार व्हायला हवा.

आता तुमच्या टेबलाविषयी. माझ्या अनुभवात नव्या कामासाठी मुख्यालय एकाच कंपनीच्या दोन-तीन कारखान्यांकडून दर मागवते, आणि बैठकीत तुम्हांला सांगितला जातो तो त्यातील मजुरीचा एक रकाना. त्या तक्त्यात वाहतूक, टाकाऊ मालाचे प्रमाण, वेळेवर पुरवठा, विजेचा दर, साचे हलवण्याचा खर्च आणि ग्राहकाची पुन्हा घ्यावी लागणारी मंजुरी हेही असते. सुट्या भागांच्या धंद्यात मजुरी हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो, कच्चा माल मोठा. तेव्हा कोणी तुमची तुलना करत असेल तर नम्रपणे सगळे रकाने मागा. मिळतीलच असे नाही, पण मागणी लेखी नोंदवली गेली की पुढच्या बैठकीत तो युक्तिवाद पूर्वीइतक्या सहजपणे केला जात नाही.


भामाकाठ (चाकण)

दोघांचेही मनापासून आभार. सगळे रकाने मागण्याची सूचना आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहिली. आमच्या विभागात एका पाळीत काम करणाऱ्या चाळीस जणांपैकी परमनंट फक्त अकरा आहेत. बाकीचे ठेकेदाराचे, फिक्स्ड टर्मचे (ठरावीक मुदतीचे) किंवा प्रशिक्षणार्थी. युनियनचे सभासद फक्त परमनंट कामगार आहेत. आम्ही संपाची नोटीस दिली तरी लाइन चालू राहील हे आम्हांलाही ठाऊक आहे आणि व्यवस्थापनालाही. थोड्या कामगारांच्या संपाला बाहेरच्यांनी पाठबळ दिल्याचे एखादे उदाहरण जगात आहे का?


उत्तरवारा (गोटेबोर्ग, स्वीडन)

आहे, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडत आले आहे. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. वेतन युनियन आणि मालक-संघटना यांच्या करारांतून ठरते आणि दहापैकी नऊ कामगार अशा करारांखाली येतात. १९३८ मध्ये साल्ट्शोबाडेन येथे दोन्ही बाजूंनी जो मूलभूत करार केला त्याचा आधार हाच होता, की सरकारने मध्ये पडू नये आणि दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द पाळावा. टेस्लाने येथे असा करार करण्यास नकार दिला, म्हणून २७ ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या दुरुस्ती केंद्रांतील यांत्रिकांनी आयएफ मेटाल या युनियनच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. यांत्रिक सगळे मिळून सुमारे १३०, आणि त्यांतलेही सगळे संपावर नव्हते. परंतु स्वीडनमध्ये सहानुभूतीचा संप कायदेशीर आहे, त्यामुळे गोदी कामगारांनी टेस्लाच्या मोटारी उतरवणे बंद केले, वीजतंत्रींनी तिच्या केंद्रांतील दुरुस्ती नाकारली, टपाल कर्मचाऱ्यांनी नव्या मोटारींच्या क्रमांक-पाट्या पोहोचवणे थांबवले आणि पुढे डेन्मार्कमधील वाहतूक कामगारही यात आले. १९९५ मध्ये टॉइज आर अस या अमेरिकी कंपनीने असाच नकार दिला होता, तेव्हा सुमारे तीन महिन्यांत तिने सही केली. टेस्लाचा संप दोन वर्षांनंतरही मिटला नाही, कारण कंपनीने बदली माणसे आणून काम चालू ठेवले, आणि इतक्या मोठ्या जागतिक कंपनीला एका लहान बाजारातील नुकसान सोसणे जड नाही. जागतिकीकरणाने येथे काय बदलले हे तीन महिने आणि दोन वर्षे या अंतरावरून दिसते.

येथील युनियनांना खरा धक्का मात्र न्यायालयातून बसला होता. स्टॉकहोमजवळच्या वाक्सहोल्म गावी एका शाळेचे बांधकाम लाव्हाल या लॅटव्हियातील कंपनीने आपल्या देशाचे कामगार आणून सुरू केले होते. तिने स्वीडिश करार करावा म्हणून बांधकाम कामगारांच्या युनियनने तेथे नाकेबंदी केली. परंतु डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ही कारवाई कंपन्यांच्या संघातील दुसऱ्या देशात सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्याआड येते असा निकाल दिला आणि युनियनला पुढे नुकसानभरपाई द्यावी लागली. म्हणजे वरच्या पातळीवरच्या बाजारपेठेच्या नियमांनी देशाच्या कायद्याची धार कमी केली.


जुनी पायरी (पुणे)

भामाकाठ, मी अनेक वर्षे कामगार कायदा शिकवला आहे आणि आता निवृत्त आहे. तुमच्या वडिलांच्या संपाचा उल्लेख वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

मालक एका लोकलच्या अंतरावर होता हे खरे, पण वाटाघाटीचे दार तेव्हाही बंदच होते. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ यानुसार एका क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन असे आणि गिरण्यांसाठी तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले, तरी कायद्याच्या दृष्टीने बोलण्याचा अधिकार त्या संघाचाच राहिला. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना मान्यता नव्हती आणि ज्यांना मान्यता होती त्यांच्यामागे कामगार नव्हते. हे १९९१ च्या आर्थिक उदारीकरणाच्या नऊ वर्षे आधी घडले, म्हणून प्रत्येक दुखणे जागतिकीकरणाच्या माथी मारणे मला पटत नाही. आपल्या व्यवस्थेचे मूळ दुखणे प्रतिनिधित्वाचे आहे, आणि बाहेरचा दाब वाढला की ते अधिक ठणकते.

महाराष्ट्राने त्यावर १९७१ च्या कायद्याने एक उपाय शोधला होता: पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत किमान ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवता येई. बहुतेक राज्यांत अशी तरतूदच नव्हती. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संप चालला, आणि त्याच्या मुळाशी वेतनाइतकाच युनियन मानण्याचा प्रश्न होता. तिची नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. याच कंपनीने दक्षिण कोरियात कित्येक दशके युनियन नको हे धोरण ठेवले होते आणि मे २०२० मध्ये तिच्या प्रमुखांनी ते सोडत असल्याचे जाहीर केले. कंपन्या भांडवलाबरोबर आपल्या मायदेशातील सवयीही घेऊन येतात, आणि यजमान देशाचा कायदा मोघम असेल तेथे त्या सवयीच कायद्याची जागा घेतात.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकमेव वाटाघाटी युनियन ठरते, संपासाठी आधी नोटीस सक्तीची आहे आणि कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. मान्यतेचा प्रश्न देशपातळीवर कायद्यात आला याचे मी स्वागत करते. परंतु परवानगीची मर्यादा वाढवल्याने मध्यम आकाराच्या कारखान्यांतील कामगारांचे संरक्षण कमी झाले हेही तितकेच खरे आहे. फिक्स्ड टर्म कामगाराला परमनंटइतकेच वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असे संहिता सांगते. हा हक्क तुमच्या पाळीतील मुलांना माहीत आहे का, हे आधी विचारून पाहा.

तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, देशोदेशींच्या चौकटी वेगळ्याच राहिल्या आहेत, पण प्रत्येक चौकटीच्या आत कामगारांचे दोन तट पडले आहेत, आणि सारखेपणा शोधायचा तर तो तेथे सापडतो. जपानमध्ये आजन्म नोकरी, ज्येष्ठतेनुसार वेतन आणि कंपनीनिहाय युनियन या तिन्ही गोष्टी नावाला शाबूत आहेत. मात्र १९८५ चा पुरवठा-कामगारांचा (एजन्सीमार्फत येणाऱ्या कामगारांचा) कायदा १९९९ मध्ये आणि २००४ मध्ये शिथिल होत कारखान्यांपर्यंत पोहोचला आणि आज तेथील एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी त्या तीन गोष्टींच्या बाहेर आहेत. आपल्याकडे १९७० पासून २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू होईपर्यंत कंत्राटी कामगारांचा स्वतंत्र कायदा होता, परंतु २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंत्राट पद्धतीवर बंदी आली तरी ते कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. त्यानंतर फाटकाच्या आतली ही भिंत पक्की झाली. चाळीसपैकी अकरा जणांच्या युनियनने केलेला करार कितीही चांगला असला तरी पुढच्या करारापर्यंत ते अकराचे आठ होतील. म्हणून, रागावू नका, पण मुख्यालय दूर आहे यापेक्षा शेजारच्या यंत्रावरचा माणूस तुमचा सभासद नाही, ही गोष्ट मला अधिक काळजीची वाटते.


भामाकाठ (चाकण)

बाई, रागावण्यासारखे काहीच नाही. तुमचा प्रतिसाद आज कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला. पहिल्यांदा थोडी शांतता पसरली, कारण ठेकेदाराच्या मुलांना सभासद केले तर आपल्या वाढीतून वाटा जाईल असे आमच्यातल्याच काहींचे म्हणणे आहे आणि ते उघडपणे बोलले गेले हेही बरे झाले. दोन गोष्टींवर एकमत झाले. फिक्स्ड टर्मच्या कामगारांची वेतनचिठ्ठी आणि आमची वेतनचिठ्ठी शेजारी ठेवून फरक लिहून काढायचा आणि तो मागणीपत्राला पुरवणी म्हणून जोडायचा. आणि तुलनेचा संपूर्ण तक्ता लेखी मागायचा. सभासदत्वाचा प्रश्न पुढच्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे.

आलरकाठ, आमच्या कंपनीत युरोपीय कामगार परिषद आहे असे मूळ कंपनीच्या वार्षिक अहवालावरून कळले. चाकणहून त्यांना पत्र लिहायचे असल्यास ते थेट परिषदेच्या अध्यक्षांना लिहावे, की तिथल्या युनियनमार्फत पाठवावे? आणि ते इंग्रजीत चालेल, की जर्मन भाषांतर सोबत द्यावे लागेल?